पंपवाला आणि चौथा भाग

गणपती घडवणाऱ्याने तोंडातून वाईट शब्द काढू नये, तो मातीत उतरतो, असे माझे वडील म्हणत. ते खरे असते तर माझ्या हातून गेलेली एकही मूर्ती लोकांकडे हसून बघत नसती. माझी जीभ वाईट आहे, हे आधीच सांगून टाकतो. कृष्णनाथची गोष्ट सांगायची तर तिच्याबद्दलही सांगावे लागणार आहे.

पाळीहून सुर्ल्याकडे जाताना मुख्य रस्ता सोडून खाली उतरले की चाळीसेक घरांची आमची वस्ती लागते. तिच्या वरच्या टोकाला माझी शाळा. मूर्ती घडवायच्या जागेला आमच्याकडे शाळाच म्हणतात. आणि शाळेच्याही वर, डोक्यावर बसावी तशी खाण. लोखंडाचा दगड काढून काढून डोंगराचा खड्डा झाला, मग खाणी बंद पडल्या आणि खड्ड्याचे तळे झाले. त्या तळ्याच्या आणि आमच्या मध्ये एक बांध आहे. तो कोणा इंजिनियरने बांधलेला नाही. टिपरवाल्यांनी वर्षानुवर्षे टाकाऊ माती आणून ओतली, आणि तिलाच लोक बांध म्हणू लागले.

कृष्णनाथ त्या खाणीत वीस वर्षे पंपवाला होता. खाण जितकी खोल जाते तितके पाणी आत येते, आणि ते सतत उपसले नाही तर खालची मशिने बुडतात. म्हणजे सगळी खाण ज्याच्यावर चालते तो माणूस, आणि सगळ्या खाणीत ज्याचे नाव कोणाला ठाऊक नसते तोही तोच. टिपरवाल्याला लोक ओळखतात, कारण तो रस्त्यावरून धूळ उडवत जातो. सुपरवायझरला ओळखतात, कारण तो ओरडतो. पंपवाला खड्ड्याच्या तळाशी एका पत्र्याखाली पाइपावर तळहात ठेवून बसलेला असतो. कृष्णनाथ त्या थरथरीवरून सांगायचा, आत गाळ अडकलाय की हवा शिरलीय. मी त्याला म्हणायचो, तू नाडी बघणारा वैद्य, फक्त तुझा पेशंट लोखंडाचा. तो हसायचा नाही. विनोद कळायला त्याला नेहमीच दोन दिवस लागत.

आम्ही पंचविशीत असताना डिचोलीच्या थेटरात 'ओरम' नावाचा पिक्चर लागला. परदेशी, पण हिंदीत बोलणारा. ओरम हा एक ग्रह. तिथे माणसे जाऊन खाणकाम करतात, आणि जमिनीखाली एक करडा समुद्र असतो, जो हळूहळू वर येत असतो. ते फक्त एका माणसाला कळते. त्याचे नाव हॅलिक. म्हातारा, दाढीवाला, आणि कामाने पंपवाला! पाइपावर तळहात ठेवून तो समुद्राची चाल ओळखतो. वरचे साहेब त्याला वेडा म्हणतात. शेवटी वस्ती रिकामी होते, जहाज उडते, आणि हॅलिक मागे राहतो, कारण जहाज उडेपर्यंत पंप चालू ठेवायला कोणीतरी हवे असते. पाणी गळ्याशी येते तरी त्याचा हात पाइपावरच असतो.

पिक्चर संपला तेव्हा लोक उठून गेले आणि कृष्णनाथ बसून राहिला. झाडूवाली आली तरी बसून. मी खांदा हलवला तेव्हा म्हणाला, "म्हादेवा, ह्यो मनीस माका वळखता."

आता विचार केला तर त्यात नवल नाही. पिक्चरांत पोलीस असतो, डॉक्टर असतो, वकील असतो, चोर तर असतोच. पंपवाला कोणी दाखवला होता? त्याने तो पिक्चर अकरा वेळा बघितला. पुढे दुसरा भाग आला, तिसरा आला. दुसऱ्यात हॅलिकने रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज लोकांना वाट दाखवतो. तिसऱ्यात त्याची नात ते पंप पुन्हा सुरू करते. आम्ही दोघे प्रत्येक वेळी स्कूटरवरून जायचो. खाणीतल्या लोकांनी त्याचे नावच हॅलिक पाडले, आणि ते कौतुकाने पाडले. एकदा पंपाच्या थरथरीवरून त्याने वेळेत हाक दिली आणि खाणीच्या खालच्या टप्प्यावरची सहा माणसे दरड कोसळायच्या आधी वर आली. त्या दिवशी सुपरवायझरसुद्धा म्हणाला, "हॅलिक, चाय पी." घर विचारायला आलेल्या पोस्टमनला लोक हॅलिकाचे घर दाखवू लागले. प्रभावती, त्याची बायको, सुरुवातीला रागवायची. मग तिलाही अभिमान वाटू लागला.

खाणी बंद झाल्या, पंप कंपनीने उचलून नेले, आणि कृष्णनाथला घरी पाठवले. पण तो घरी राहिला नाही. रोज पहाटे छत्री किंवा काठी घेऊन बांधावर जायचा. तळ्यात कंपनीचा एक सिमेंटचा खांब होता, त्यावर त्याने स्वतः हाताहातावर तांबडे पट्टे मारले होते. किती पट्टे पाण्याबाहेर आहेत ते बघायचा, खाली यायचा, आणि पदेराकडून पाव घेताना जो असेल त्याला सांगायचा, "आज सात हात." म्हणजे पाणी बांधाच्या तोंडाला सात हात कमी आहे. लोक म्हणत, "देव बरें करूं," आणि पाव घेऊन जात. दर पावसाळ्यात पाणी चढायचे आणि उन्हाळ्यात तेवढे उतरायचे नाही. पाणी बाहेर काढायची चर गाळाने भरली होती. नऊचे आठ झाले, आठचे सात, सहा, पाच. गेल्या वर्षी चवथीच्या दिवसांत चार.

"म्हादेवा," तो एकदा शाळेत येऊन बसला आणि म्हणाला, "औंदा पावसा आदीं दोन पंप लावूक जाय आनी चर साफ करूक जाय. नाजाल्यार बांध रावचो ना."

त्याने तसाच अर्ज लिहिला, पावसाआधी दोन पंप लावा आणि चर साफ करा म्हणून. पंचायतीला, आणि पंचायतीमार्फत वर. आमच्या वॉर्डाचा पंच रुद्रेश. पोरगा चांगला, पण वाऱ्याची दिशा बघून छत्री धरणारा. तो म्हणाला, सगळ्या घरांच्या सह्या असतील तर अर्ज पुढे नेतो, नाहीतर एका माणसाचे ऐकून कोण येणार? रीतसर बोलला. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सातेरी देवीच्या मंडपात सभा ठरली. तिथे सह्या घ्यायच्या. कृष्णनाथने घरोघरी जाऊन समजावले. लोक हो म्हणत होते. मनापासून म्हणत नव्हते, पण म्हणत होते.

आणि नेमका त्याच महिन्यात 'ओरम'चा चौथा भाग आला. अठरा वर्षांनी.

त्यापुढे कृष्णनाथने जे केले ते आमच्या वस्तीतल्या माणसालाच सुचेल. त्याने ठरवले की अख्ख्या वस्तीला तो पिक्चर दाखवायचा. सभेच्या आदल्या दिवशी. आम्ही सांगून न पटणारी गोष्ट दाखवून पटवणारी माणसे. दशावतारात राक्षस आला की पोरे आईला बिलगतात, तेव्हा कोणी त्यांना राक्षस समजावून सांगत नाही. कृष्णनाथचा हिशेब तसाच होता. मला म्हणाला, "भंय सांगून येना रे. हॅलिकाक बगले म्हणजे कळतलें तेंका, मी कितें सांगतां तें."

"तू आदीं एकटो बगून ये," मी म्हटले. हे मी खरेच म्हटले होते, माझ्या बाजूने एवढे तरी नोंदवू दे.

"आदीं कित्याक बगूं? हॅलिकाचो पिक्चर," तो म्हणाला. त्याच्या मनात शंका येऊच शकत नव्हती. देवळात जाण्याआधी कोणी देव आत आहे का विचारत नाही.

मिनीबस ठरली. तेवीस माणसे झाली. रुद्रेश पंच पुढच्या सीटवर, मी कृष्णनाथच्या शेजारी, माझी बायको पद्मावती आणि प्रभावती मागे. कृष्णनाथने खाणीतला जुना निळा शर्ट इस्त्री करून घातला होता, खिशावर कंपनीचे नाव. पणजीपर्यंत तो सगळ्यांना आधीच्या तीन भागांची गोष्ट सांगत होता, आणि एरवी तोंड न उघडणारा माणूस हातवारे करत होता.

थेटरात अंधार झाला. पहिल्या दहा मिनिटांतच मला काहीतरी बिनसलेले जाणवले. पंपघर आले, पण ते हॉटेलच्या स्वयंपाकघरासारखे चकचकीत. पंपाला ना तेल, ना गळती, ना आवाज. एक मुलगी उडत्या गाडीवरून येते, तोंडाला येईल ते विनोद करते. बंदुका, पाठलाग, गाणे म्हणावे तसले काहीतरी. कृष्णनाथ पुढे सरकून बसला होता. मला कळत होते की तो फक्त वाट बघतोय.

मध्यंतरानंतर हॅलिक आला. जिवंत. पाण्यात बुडाला नव्हताच म्हणे. दाढी काढलेली, चांगले कपडे, हातात पेला. आणि तो त्या मुलीला सगळे उलगडून सांगतो. करडा समुद्र कधी वर आलाच नव्हता. लोकांनी घाबरून ग्रह सोडावा आणि जमीन दुसऱ्या कंपनीला मिळावी म्हणून त्याने पैसे घेतले होते, आणि वॉल्व त्यानेच स्वतःच्या हाताने उघडला होता. "लोग डरना चाहते हैं," तो म्हणतो, "मैंने बस वॉल्व खोला." आणि हसतो. अख्खे थेटर हसले. कारण प्रसंग हसण्यासाठीच रचला होता.

मी शेजारी बघितले. कृष्णनाथचा उजवा तळहात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर सपाट टेकला होता.  मला वाटते, तो अजूनही धरून बसला होता की पुढे काहीतरी होईल, हे खोटे ठरेल. ते ठरले नाही. शेवटी मुलगी हॅलिकला पकडून देते आणि पिक्चर संपतो.

असे करणाऱ्यांचा मला राग येतो, अजूनही येतो. पाचवा, सहावा, दहावा भाग काढा, कोण अडवतो? पण ज्या माणसावर लोकांनी पंचवीस वर्षे जीव लावला त्याला नवीन काही सुचत नाही म्हणून चोर करायचे? मूर्ती रंगवता येत नाही म्हणून कोणी तिचे नाक कापत नाही.

पण हा राग नंतरचा. त्या वेळी मी काय केले ते सांगतो.

बस परत निघाली. कोणी बोलत नव्हते. ती शांतता मला सोसवेना, आणि मला शांतता सोसत नाही तेव्हा माझी जीभ सुटते. मी मोठ्याने म्हटले, "हॅलिका, सांग मरे, वॉल्व खंय दडयलोस?"

बस फुटली हसून. मग सगळ्यांचीच तोंडे उघडली. मागून एकजण म्हणाला, कोणत्या कंपनीने किती दिले? दुसरा म्हणाला, खाणी परत सुरू होणार म्हणतात, आमची घरे खाली झाली तर कोणाचे भले? तिथपर्यंत थट्टा होती. मग रुद्रेश मागे वळला, आणि त्याच्या तोंडावर हसू नव्हते. "खरेंच, कृष्णनाथबाब," तो म्हणाला, "कंपनीतलो कोणूय तुमका मेळता काय आजूनय?"

कृष्णनाथने त्याच्याकडे बघितले. "मेळता," तो म्हणाला. खोटे बोलायचे त्याला कधी जमलेच नाही. जुना सुपरवायझर बाजारात भेटे, चहा पाजे, एवढाच त्याचा अर्थ. पण बसमध्ये ते उत्तर दगडासारखे पडले. नंतर कोणी हसले नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होते.

दुसऱ्या दिवशी सभेला बाराजण आले. रुद्रेशने अर्ज वाचला. "पाणी कोणत्याही क्षणी" या शब्दांवर मागे कोणीतरी हळूच "हॅलिक" म्हणाले आणि खसखस पिकली. कागद फिरला. माझ्यापर्यंत आला तेव्हा त्यावर एकच सही होती, कृष्णनाथची. मी पेन हातात घेतले. मग वाटले, आपण एकट्यानेच कशाला पुढे व्हा, चारजण करू देत मग करू. कागद पुढे दिला. शेवटी तो तसाच कृष्णनाथकडे परत आला. त्याने घडी घालून खिशात ठेवला, सातेरीला नमस्कार केला आणि निघाला. मी मागे जाऊन म्हटले, "मनार घेव नाका."

"मनार घेवक ना," तो म्हणाला. "पूण हॅलिक तसलो नासलो, म्हादेवा. तेणें पंप सोडूंक नासलो. मी बगलें मरे, अकरा फावटी."

तेव्हापासून तो पाण्याबद्दल बोलेनासा झाला. रागाने नव्हे. भेटला की हसायचा, पोरांची चौकशी करायचा. फक्त पदेराजवळ उभा राहून हात सांगायचे त्याने बंद केले. पहिल्या दिवशी मी मुद्दाम विचारले, आज किती? "बरें आसा," तो म्हणाला, आणि पाव घेऊन गेला. कोणाला त्याची चुटपुट लागली नाही. खरे तर लोकांना हलके वाटले. वर्षानुवर्षे सकाळी सकाळी कानाशी भुणभुण करणारा माणूस गप्प झाला. मलाही हलके वाटले, हे लपवून काय उपयोग?

पण तो बांधावर जायचा थांबला नव्हता. मूर्तीच्या दिवसांत मी पहाटेच शाळेत असतो. खिडकीतून मला त्याची काळी छत्री वर चढताना दिसायची. पूर्वी दहा मिनिटांत खाली यायचा. आता अर्धा तास, कधी एक तास तिथेच. पाऊस असा लागला होता की पत्र्यावरच्या आवाजात रेडिओ ऐकू येईना. जुलै निम्मा झाला. प्रभावती मोरजीला गेली, त्यांची मुलगी गौरवी तिथे दिलेली आहे. नातवाला ताप आहे म्हणाली. आठ दिवस झाले, पंधरा झाले, आली नाही. मग एक दिवस त्यांची गाय पिकअपमधून गेली. विकली असेल म्हणून कोणी विचारले नाही. मीही नाही.

इथे आमची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे गणपती विकत घ्यायला येत नाहीत. मिरगानंतर आमच्या आणि आसपासच्या वस्त्यांतले प्रत्येक घर आपापला लाकडी पाट माझ्याकडे आणून देते. पाटाखाली घराचे नाव असते. त्या पाटावर मी त्या घराची मूर्ती घडवतो, दरवर्षी त्याच उंचीची, त्याच बैठकीची. चवथीच्या आदल्या दिवशी माणसे येतात आणि पाटासकट मूर्ती डोक्यावर घेऊन जातात. आणि चवथ मूळ घरातच होते. मुंबईला असोत, दुबईला असोत, भाऊ भाऊ कोर्टात भांडत असोत, त्या दिवसांत सगळे मूळ घरात येतात. घराचा गणपती दुसऱ्या छपराखाली नेत नाहीत. नेलाच तर देवाचा कौल घेऊन, आणि तोही घर पडले किंवा वंश तुटला तरच. माझ्या वडिलांच्या आणि माझ्या मिळून साठ वर्षांत असा एकही पाट आमच्या शाळेतून गेला नव्हता.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, एका दुपारी, कृष्णनाथ शाळेत आला. पाऊस थोडा उघडला होता. बाहेर पिकअप उभी होती. तो मूर्तींच्या रांगेतून सावकाश चालत गेला आणि आपल्या पाटाजवळ थांबला. मूर्ती घडून झाली होती, पण ओली होती, रंगाचा हात लागायचा होता.

"व्हरतां," तो पाटाला हात घालत म्हणाला.

"आतां? चवथीक तीन आठवडे आसात. रंग काढूक ना, डोळे काढूक ना."

"डोळे थंय काढून घेतलों. मोरजीक व्हरतां."

मी कोरणी मातीत रोवली. मी त्याच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखे नाही, मूर्तींच्या समोर तर बोलण्यासारखेही नव्हते. चार पिढ्यांचे घर, मूळ घर, आणि गणपती मुलीच्या सासरी? लोक काय म्हणतील? देवाचा कौल घेतला का?

"देवाक विचारूंक ना," तो म्हणाला. "मी पाण्याक विचारलें."

"पाणी किती आसा?"

त्याने माझ्याकडे बघितले. चाळीस वर्षांची मैत्री आमची. मी त्याला रडताना बघितले आहे, आईच्या चितेजवळ. पण त्या दिवशीचा चेहरा मी आधी बघितला नव्हता. चेहऱ्यावर काहीच नव्हते. "बरें आसा," तो म्हणाला. "सगळें बरें आसा, म्हादेवा."

त्याने ओली मूर्ती पाटासकट उचलली, पिकअपवाल्याने दुसरी बाजू धरली, वर प्लास्टिक टाकले, आणि ते गेले. मी बाहेर येऊन बघितले तर त्याच्या दाराला कुलूप होते.

मी परत आत येऊन बसलो. हातात माती घेतली आणि टाकली. ज्या माणसाने वीस वर्षे हाक मारण्यापलीकडे काही केले नाही तो मला "बरें आसा" सांगून देव घेऊन गेला होता.  मी पद्मावतीलाही न सांगता डोक्यावर गोणपाट घेतले आणि बांधाकडे चढलो. किती वर्षांनी चढत होतो कोण जाणे.

वर पोहोचायची गरजच पडली नाही. बांधाच्या पायथ्याशी, आमच्या बाजूला, जिथे नुसते गवत असते, तिथे मनगटाएवढी धार वाहत होती. मी वाकलो. पावसाचे पाणी आमच्याकडे तांबडे असते, वरच्या मातीचे. ही धार फिकट पिवळी होती. मी बोट घातले, चिमटीत गाळ घेऊन चोळला. पिठासारखा मऊ, खडा नाही, वाळू नाही. चाळीस वर्षे माती हातात खेळवलेल्या माणसाला हे कोणी सांगायला लागत नाही. ही वरून धुऊन आलेली माती नव्हती. बांधाच्या पोटातली होती. पाणी आतून वाट कोरत होते आणि कोरलेले माझ्या बोटांवर आणून ठेवत होते. मी कान दिला. काही आवाज नव्हता. तेच वाईट होते.

मग वर चढलो. खांब शोधला. तो कुठेच दिसेना; पाणी बांधाच्या तोंडाला लागले होते.

तिथूनच फोन लावला. कृष्णनाथ अजून गाडीतच होता.

"पायथ्याक धार सुटल्या," मी म्हटले. "हळदुवी माती घेवन येता."

 "सकाळी निवळ आसली," तो म्हणाला. आवाज बदलला होता. "केदी आसा?"

"मनगटायेदी."

"मगे आजची रात धरूं नाका. उठय लोकांक."

"तुवें माका कित्याक सांगूंक ना?" मी ओरडलो. "तू गणपती घेवन गेलोस, आनी माका म्हणटा बरें आसा?"

"सांगलें आसतें जाल्यार?" तो म्हणाला.

 मी बांधावर उभा होतो, खाली आमची चाळीस छपरे, माझ्या शाळेचा लांब पत्रा, आणि त्याखाली दीडशे कच्च्या मातीचे गणपती. बसमधले माझे वाक्य मला पुन्हा ऐकू आले. लाज वाटली. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"आयक," कृष्णनाथ म्हणाला. "माझें नांव घेव नाका. पिक्चराचें तर घेवच नाका. माझें नांव घेतलें जाल्यार कोण उठचो ना. तू मातयेचो मनीस, मातयेचें सांग. मी गाडी परती घुंवडायतां."

मी उतरलो, घसरलो, गुडघा फोडून घेतला आणि सरळ रुद्रेशच्या अंगणात गेलो. पंच म्हटला की त्याच्या शब्दाला आठ दारे उघडतात, माझ्या शब्दाला दोन. तो ओसरीत खुर्चीवर बसून मोबाइल बघत होता. मी चिखलाचा हात पुढे केला, पिवळा गाळ दाखवला, धार सांगितली, बुडलेला खांब सांगितला. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना बाहेर काढायला हवे म्हणालो.

रुद्रेशने हाताकडे बघितले, मग माझ्याकडे. डोळे बारीक केले. "म्हादेवभाऊ, हें तुमका कृष्णनाथबाबान सांगलें?"

वर पाऊस पुन्हा धरत होता. रस्त्यावरून पोरे दप्तरे घेऊन घरी येत होती.

"ना," मी म्हटले. "तेचें डोकें फिरलां. गणपती मोरजीक व्हेलो तेणें, कोणाक न विचारतां. तेचें कोण आयकता? मी माझ्या डोळ्यांनी बगलें."

रुद्रेशने मान हलवली, खुंटीवरची छत्री काढली आणि म्हणाला, "चला."